शिरगणतीत आपली वस्ती

स्मरणिका हातात पडली की आपण आधी फोटो बघतो, मग देणगीदारांची यादी. यंदा हे पानही वाचावे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत कोण आले, काय कमावले आणि सरकारी कागदावर आपण कोण म्हणून लागलो, त्याचा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत.

१९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि पुढे वरळीला १२१ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. पण माणूस यायला तयार नव्हता. गिरण्या लांब, भाडे जड. कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या सत्याग्रहात तर इथे तात्पुरता तुरुंग होता! पुढे कोकणातून, घाटावरून लोक येत गेले. शहर नवे, पण गावकी जुनीच. आपल्या चाळी वेगळ्या, मराठ्यांच्या वेगळ्या.

पगाराचेही तेच. साचेखात्यात म्हणजे विणकामात पैसा जास्त, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने विटाळ होतो! आपल्या हातचे सूत मात्र चालत होते. १९२८ च्या संपाच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला.

मग १९५६ ची धम्मदीक्षा. १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. १९६१ ला सुमारे २७ लाख ९० हजार झाले. खोल्या त्याच, माणसे तीच, कागद बदलला. पण सगळ्यांचा नाही. राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत. पोराच्या रेल्वेच्या, पोस्टाच्या नोकरीसाठी बापाने दाखल्यावर ‘हिंदू महार’ तसेच ठेवले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि दाखल्यावर हिंदू! त्याला नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही ठेवत नाही. घरात चूल पेटायची होती. १९९० साली कायदा दुरुस्त झाला आणि बौद्ध अनुसूचित जातीत धरले गेले. मधल्या शिरगणत्यांत आपण किती कमी मोजलो गेलो, याचा विचार करावा.

१९७४ च्या जानेवारीत पँथरच्या सभेनंतर इथे दंगल पेटली, समोरासमोरच्या चाळींतून दगड आले. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. मात्र १८ जानेवारी १९८२ च्या संपाने दोन्हीकडची चूल सारखीच विझवली. अडीच लाख कामगार बाहेर पडले, बरेचसे परत आत गेलेच नाहीत. आपल्यात ज्यांच्या घरात पालिकेची, बेस्टची नोकरी होती ते तगले. बाकीच्यांच्या बायका धुणीभांडी करू लागल्या. कुणी खोली विकून नालासोपारा, अंबरनाथ गाठले. मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती २००१ ला ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ ला ३० लाख ८५ हजारांवर आली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले तरी!

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० फुटांचे घर, तेही सोडतीने. म्हणजे शेजारी कोण, हे आता गावकी ठरवत नाही. त्याच वर्षी सरकारने पुढच्या शिरगणतीत जातही मोजायचे जाहीर केले. गणतीवाला दारात येईल तेव्हा धर्म ‘बौद्ध’ सांगून जात ‘महार’ सांगता येते. १९९० पासून त्याने सवलत जात नाही. हे आपल्या म्हाताऱ्यांना अजून कुणी नीट सांगितलेले नाही.