खाजण

खाजण : नदीमुखालगतची, भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन बांध घालून लागवडीखाली आणली, की तिला गोव्यात खाजण म्हणतात. मांडवी, जुवारी व त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांच्या काठी, विशेषतः तिसवाडी, बार्देश व सासष्टी तालुक्यांत, खाजणे आढळतात. एकूण क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितले जाते. पैकी लागवडीखाली किती उरले, याबाबत मतभेद आहेत.

इतिहास : कोकणातील मौर्य घराण्याच्या अनिर्जितवर्म्याच्या बांदिवडे ताम्रपटात खज्जण जमिनीच्या दानाचा व समुद्राचे पाणी अडविणाऱ्या बांधाचा उल्लेख येतो. हा ताम्रपट सहाव्या-सातव्या शतकातील मानतात. पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोन्सो मेशिया याने १५२६ मध्ये काढलेल्या ‘फोरल’ या सनदेत, खाजणे सांभाळणाऱ्या गावकरी या ग्रामसंस्थेच्या रूढी नोंदवल्या आहेत.

रचना : बांधाचा गाभा चिकणमातीचा, नदीकडील अंगाला जांभ्या दगडाचे अस्तर असते. बांधातील ‘मानस’ (जलद्वार) हे व्यवस्थेचे मर्म होय. तिची लाकडी झडप वरच्या कडेला अडकवून आतील बाजूस टेकणीवर अशी बसवतात, की ओहोटीला आतले पाणी तिला बाहेर ढकलून वाट काढते आणि भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच तिला लावून घेते. झडपेला कचरा अडकला किंवा लाकूड कुजून फट पडली, तर मीठ शेतात शिरते व त्या हंगामाचे भात जाते. मानशीच्या आत ‘पोंय’ हा खोलगट जलाशय असतो. त्यात शेतातला निचरा जमतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतात साठलेले गोडे पाणी ओहोटीबरोबर सोडून जमिनीतील क्षार धुतात व मगच पेरणी करतात.

पिके : कोरगुट, आसगो इ. क्षारसहिष्णु भातजाती.

व्यवस्थापन : बांध-मानशींची देखभाल गावकरीकडे, म्हणजे पुढील कोमुनिदादीकडे, होती. मानशीवर जाळे लावून मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होई. खर्चाचा काही भाग त्या उत्पन्नातून भागे. १९६४ चा कुळवहिवाट कायदा व त्याखालील नियमांनी देखभाल कुळसंघांकडे गेली. काही ठिकाणी लिलावाचे उत्पन्न भातापेक्षा जड झाले आणि खारे पाणी मुद्दाम आत घेतल्याच्या तक्रारी वाढल्या. बांध खचण्यामागे खनिजवाहू बार्जेसच्या लाटा किती व दुर्लक्ष किती, याबाबत एकवाक्यता नाही. कोमुनिदादीचा कारभार पूर्वी कितपत समन्यायी होता, हाही वादाचा विषय आहे.

संरक्षण : २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांनुसार खाजणांचा नकाशा व व्यवस्थापन आराखडा अपेक्षित असून तेथे विकासकामांस मनाई आहे. मात्र मनाईने बांध टिकत नाही. पडीक खाजणात खारफुटी वाढते व तिलाही कायद्याचे संरक्षण मिळते. मग शेती पुन्हा उभी करावी की खारफुटी राखावी, हा पेच गावोगाव पडतो. खाजण हा भूप्रदेश दर भरतीला राबणाऱ्या व्यवस्थेचा आहे. म्हणून मानशीची डागडुजी कोणी करायची व तिचे उत्पन्न कोणी घ्यायचे, हे एकाच हाती ठरल्याशिवाय आराखड्याला अर्थ नाही.

मिठागरे : काही खाजणांत पावसाळ्यानंतर मीठ पिकवतात. (पहा : मिठागर).