‘धड ना ही, धड ना ती’

बी.एड. झाल्यावर पहिल्या मुलाखतीला गेले, तेव्हा टेबलापलीकडच्या एका साहेबांनी माझी कागदपत्रं चाळत विचारलं होतं, “उर्दू आणि मराठी, दोन्ही? म्हणजे धड ना ही, धड ना ती!” सगळे हसले. मीही हसले, कारण नोकरी हवी होती. ती मिळाली नाही, पण वाक्य मात्र सोबत आलं. आज मी नववी-दहावीला या दोन्ही भाषा शिकवते. एखाद्या मुलाने मराठी निबंधात उर्दू वळणाचं वाक्य लिहिलं की लाल पेन उचलताना ते वाक्य आठवतं.

गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी बाकावर बोटांनी ठेका धरून काहीतरी गुणगुणत होती. कुठली भाषा, म्हणून विचारलं. “मिस, जापानी है. बीच बीच में इंग्लिश.” ‘एवान्गेलिऑन’ या जपानी ॲनिमेच्या 2021 च्या सिनेमातलं ते गाणं होतं आणि गायिका उतादा हिकारू. घरी येऊन शोधलं, तर जन्म 19 जानेवारी 1983. माझंही वर्ष तेच. मग वाचत गेले, ऐकत गेले. मला जपानी येत नाही, तरी हा इतिहास मला ओळखीचा वाटला. म्हणून लिहिते आहे.

हिकारूचा जन्म न्यूयॉर्कचा. वडील उतादा तेरुझाने संगीत निर्माते. आई फुजी केइको ही 1969 मध्ये गायला लागलेली ‘एन्का’ गायिका. एन्का म्हणजे विरहाची, दारूच्या गुत्त्याची, गाव सुटल्याची जपानी गाणी. आवाजात कंप देऊन, हुंदका राखून म्हणायची. केइकोचे आईवडील फिरते कलावंत होते आणि आई, म्हणजे हिकारूची आजी, अंध असून शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवायची. होक्काइदोच्या बर्फात आईवडिलांबरोबर गात फिरलेली ही मुलगी 1970 मध्ये जपानच्या विक्रीच्या यादीत महिनोन्‌महिने पहिल्या क्रमांकावर होती.

म्हणजे एका बाजूला पुरता जपानी मातीतला गळा आणि दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे स्टुडिओ. मुलगी या दोन शहरांच्या मध्ये वाढली. टोकियोत ती अमेरिकन शाळेत गेली. परदेशात वाढून मायदेशी परतलेल्या अशा मुलांसाठी जपानीत एक खास शब्द आहे, ‘किकोकुशिजो’. त्यात कौतुक आहे, हेवा आहे आणि थोडा संशयही आहे की यांचं जपानी जरा कच्चं, वागणं जरा वेगळं. आमच्या स्टाफरूममध्ये हा शब्द नाही, संशय आहे.

तिचा पहिला एकल अल्बम जपानी नव्हताच. 1998 च्या सुरुवातीला ‘क्युबिक यू’ या नावाने तिने इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला. फार कुणाच्या लक्षात आला नाही. मग त्याच वर्षी 9 डिसेंबरला जपानी गाण्यांची पहिली सीडी आली, ‘ऑटोमॅटिक’. ती पंधरा वर्षांची होती. गाणं तिनेच लिहिलेलं, चालही तिचीच. व्हिडिओत ती सोफ्यासमोर गुडघे वाकवून, पाठीत वाकून डोलते. हे असं वाकणं त्या काळी जपानभर गाजलं. सीडीच्या दोन्ही आवृत्त्या मिळून 20 लाखांवर विकल्या गेल्या.

10 मार्च 1999 ला ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम आला. त्या मार्चमध्ये मी दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसले होते. एकट्या जपानात त्याच्या 76 लाखांहून जास्त प्रती खपल्या. आजही तो जपानचा सर्वाधिक विकला गेलेला अल्बम आहे. दोन वर्षांनी, 28 मार्च 2001 ला, तिचा ‘डिस्टन्स’ आणि हामासाकी आयुमीचा गाण्यांचा संग्रह एकाच दिवशी दुकानात आले. ‘डिस्टन्स’ पहिल्याच आठवड्यात 30 लाखांवर गेला आणि हामासाकीचा अगदी थोडक्यात मागे राहिला. सीडीच्या धंद्याचे ते शेवटचे भरभराटीचे दिवस.

पण आकडे सोडा. ‘ऑटोमॅटिक’मध्ये नवीन काय होतं? माझ्या मते यतिभंग. छंद शिकवताना आपण मुलांना सांगतो, की ओळीत थांबायची जागा शब्दाच्या पोटात येऊ देऊ नये. शब्द तुटला तर तो यतिभंग, दोष. उर्दू अरूझमध्येही याच जातीचा दोष आहे, त्याला ‘शिकस्ते-नारवा’ म्हणतात, म्हणजे अयोग्य जागी तुटणं. हिकारूने ‘ऑटोमॅटिक’च्या अगदी सुरुवातीलाच हे केलं. जपानीत साधारणपणे एका अक्षराला एक सूर, आणि वाक्याचा तुकडा जिथे संपतो तिथेच चालही टेकते. तिने शब्द मधूनच तोडला, अर्धा या मात्रेत ठेवला, उरलेला पुढच्या मात्रेत ढकलला. काळ्या अमेरिकन लोकांच्या आर अँड बी गाण्यात असं ताल ओलांडत जाणं मुरलेलं असतं. तिने ते इंग्रजीतून उचललं आणि जपानी शब्दांवर चालवलं. ऐकणाऱ्याला आधी शब्द कळत नाहीत, नंतर कळतात, आणि तोवर गाणं डोक्यात बसलेलं असतं. माझ्या कुठल्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी लाल गोल केला असता, हे कबूल करते.

ती पहिली नव्हती, हेही सांगायला हवं. 1970-71 च्या सुमारास जपानच्या संगीत मासिकांत जोरदार वाद झाला होता: रॉक जपानीत गाता येतं का, की ते इंग्रजीतच गावं? ‘हॅपी एंड’ या चौघांच्या बँडने जपानीत गाऊन दाखवलं. पुढे रॅप आलं तेव्हा तोच प्रश्न नव्याने उभा राहिला. हिकारूच्याच काळात ‘एम-फ्लो’ या गटातला व्हर्बल, जन्माने टोकियोतला कोरियन, एका श्वासात दोन्ही भाषांत रॅप करू लागला. जागा तयार होत होती. पण तिथे इंग्रजी बहुतेकदा फोडणीसारखी यायची, तडतडायची आणि विरून जायची. हिकारूच्या गाण्यात ती भाताइतकीच भरपेट होती.

आता नावाची गोष्ट. मला सगळ्यात जास्त यातच रस आहे. जपानी लिहायला तीन लिप्या लागतात. त्यातली ‘काताकाना’ मुख्यतः परक्या भाषेतून आलेल्या शब्दांसाठी वापरतात. म्हणजे शब्द पाहिल्याबरोबर कळतं, हा बाहेरचा. मराठीत ‘कागद’, ‘दुकान’, ‘हवा’ हे शब्द देवनागरीत मिसळून गेले, त्यांना कुणी आता गाव विचारत नाही. उर्दूत मात्र काही खुणा राहतात: ‘स’च्या उच्चाराला से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरं आहेत, आणि शब्दात से किंवा स्वाद दिसलं की तो अरबी घराण्यातला, हे शुद्धलेखनच सांगून टाकतं. हिकारूचं जन्मनाव चिनी चित्राक्षरात लिहितात, त्याचा अर्थ प्रकाश. पण सीडीवर आडनाव चित्राक्षरात आणि ‘हिकारू’ काताकानात. अस्सल जपानी नाव, परक्या शब्दांच्या लिपीत! जपानी माणसांची नावंही कधी कधी अशी लिहितात, त्यामुळे फार अर्थ काढू नये असं कुणी म्हणेल. मी शिक्षिका आहे, अर्थ काढणं हा माझा धंदा आहे.

मग तिसरं नाव. 2000 मध्ये ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडली. 2004 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीतून इंग्रजी अल्बम आला, ‘एक्सोडस’. नाव फक्त ‘उतादा’, रोमन लिपीत. बहुतेक काम तिने आणि वडिलांनी केलं, काही गाण्यांना टिंबालँड हा तेव्हाचा नावाजलेला निर्माता होता. जपानात अल्बम पहिला आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 160 वा. 2009 मध्ये दुसरा प्रयत्न झाला आणि तो 69 पर्यंत पोचला. तिचा जन्म त्याच शहरातला, इंग्रजी तिची स्वतःची, तरी दुकानात ती ‘जपानहून आलेली’च राहिली. उर्दू शायर तखल्लुस घेतो तो मक्त्यात स्वतःला हाक मारायला. इथे दोन नावं म्हणजे दोन काउंटर होते, या खिडकीचं काम त्या खिडकीवर होणार नाही.

याच काळातली एक गोष्ट मी वर्गात सांगते. 2002 मध्ये ‘किंगडम हार्ट्स’ या व्हिडिओ गेमसाठी तिने ‘हिकारी’ हे गाणं केलं. हिकारी म्हणजेही प्रकाश, जवळजवळ तिचंच नाव. त्याच गाण्याचं इंग्रजी रूप म्हणजे ‘सिंपल अँड क्लीन’. ते भाषांतर नाही. इंग्रजी शब्द वेगळे, प्रसंगही वेगळा. एकाच चालीवर तिने दोनदा स्वतंत्र विचार केला. भाषांतराच्या प्रश्नात शब्दाला शब्द जुळवून पाचपैकी पाच मागणाऱ्या माझ्या मुलांना हे पटत नाही. तपासणाऱ्यांनाही पटणार नाही.

2010 च्या डिसेंबरमध्ये योकोहामात दोन कार्यक्रम करून ती थांबली. माणूस म्हणून जगायचं राहून गेलं आहे, असा तिचा सूर होता. नंतर ती लंडनला राहायला गेली. ऑगस्ट 2013 मध्ये टोकियोत आईचा मृत्यू झाला, आणि तोही असा की वर्तमानपत्रांना दिवसेंदिवस पुरला. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये ती परतली ‘फँटोम’ घेऊन. हा अल्बम आईसाठी आहे. अल्बमचं नाव फ्रेंच, ना आईच्या भाषेतलं, ना शाळेच्या. आत इंग्रजी फारच थोडं, जवळजवळ सगळं जपानीत. त्यातलं ‘हानाताबा ओ किमी नि’ हे गाणं एनएचकेच्या सकाळच्या मालिकेचं शीर्षकगीत होतं, म्हणजे देशभर लोक ते न्याहारीच्या वेळी ऐकत होते. चाल सरळ, शब्द कुठे तुटत नाहीत. पंधराव्या वर्षी शब्द मोडणाऱ्या मुलीने तेहेतिसाव्या वर्षी ते अखंड ठेवले. माझ्या अम्मीच्या मय्यतीच्या दिवशी मी कुणाशी मराठीत एक शब्दही बोलू शकले नव्हते, आणि शेजारच्या काकूंना वाटलं मी रागावले आहे. हे गाणं ऐकताना तो दिवस आठवला.

2018 मध्ये पुढचा अल्बम, ‘हात्सुकोइ’. अर्थ काय? पहिलं प्रेम. ‘फर्स्ट लव्ह’ला एकोणीस वर्षं झाल्यावर तेच नाव, आता जपानीत. जानेवारी 2019 मध्ये स्क्रिलेक्सबरोबरचं गाणं दोन्ही भाषांत आलं आणि ती बिलबोर्डच्या पहिल्या शंभर गाण्यांत प्रथमच शिरली, 98 व्या जागी. एवढीशीच जागा, पण या वेळी वेगळं नाव घ्यावं लागलं नव्हतं.

जून 2021 मध्ये तिने जाहीर केलं, की ती स्वतःला निव्वळ स्त्री किंवा पुरुष मानत नाही. इंग्रजी सर्वनामांत ती ‘शी’ही चालवून घेते, ‘दे’ही. जपानीत सर्वनाम गाळूनही वाक्य पूर्ण होतं. मराठीत क्रियापदालाच लिंग चिकटलेलं, म्हणून मी इथे ‘ती’ लिहीत आले आहे. उर्दूतही सुटका नव्हती.

19 जानेवारी 2022, एकोणचाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी ‘बॅड मोड’ आला, तिचा पहिला खऱ्या अर्थाने द्वैभाषिक अल्बम. जपानी आणि इंग्रजी गाणी एकाच ताटात. निर्मितीत फ्लोटिंग पॉइंट्स आणि ए. जी. कुक हे दोन ब्रिटिश संगीतकार सोबत. शेवटी मार्सेइच्या नावाचं जवळजवळ बारा मिनिटांचं गाणं आहे, त्यात ती घाई म्हणून करत नाही. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात ती ‘सिंपल अँड क्लीन’ गायली आणि ‘फर्स्ट लव्ह’ही, एकाच मंचावर, एकाच नावाने. त्याच नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर ‘फर्स्ट लव्ह’ आणि ‘हात्सुकोइ’ या दोन गाण्यांवरून सुचलेली मालिका आली. जपानी नावात इंग्रजी ‘फर्स्ट लव्ह’ आणि जपानी ‘हात्सुकोइ’ शेजारी-शेजारी आहेत.

‘बॅड मोड’चं मुखपृष्ठ मी वर्गात मोबाइलवर दाखवलं. त्याचं नाव जपानात कसं लिहितात तेही फळ्यावर काढलं: ‘बॅड’ रोमन अक्षरांत, ‘मोड’ काताकानात, मध्ये जागाही न सोडता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मिस, ऐसा पेपर में लिखे तो मार्क कटेंगे?”

मी खडू ठेवला आणि म्हटलं, बोर्डाच्या पेपरात कटेंगे.