आक्षेपातून उमटलेला नकाशा

मद्रासच्या अड्यार भागात १९४८ मध्ये केंद्रीय चर्मसंशोधन संस्था स्थापन झाली. कातड्यातील मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याची रचना तीन पेडांची आहे, असे तेथून जवळच मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मांडले. या रचनेत अणू फार दाटीने बसतात, असा आक्षेप क्रिक आणि रिच यांनी घेतला. तेव्हा अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हेच रामचंद्रन यांनी मोजावयास घेतले. त्यातून १९६३ मध्ये, सहकाऱ्यांसह, प्रथिनांच्या संभाव्य वळणांचा नकाशा सिद्ध झाला. पुष्कळ औषधे पेशीवरील ज्या ग्राहींवर आणि आयनमार्गांवर काम करतात, तीही प्रथिनेच. त्यांच्या रचना आजही याच नकाशावर पारखल्या जातात. मगच औषध-रसायनज्ञ त्यांवर विसंबून नवा रेणू घडवितो.