आसफजाही सिंहासन का कोसळले?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडे निघाल्या आणि १७ तारखेस निजाम मीर उस्मान अली खान यांनी शरणागती जाहीर केली. १७२४ पासून चालत आलेली राजवट पाच दिवसांत संपुष्टात आली. तिच्या पतनाचे सारे श्रेय रणगाड्यांना देणे सोपे आहे. परंतु एवढे जुने आणि एवढे श्रीमंत राज्य एका आठवड्याच्या आत ढासळते, तेव्हा त्याची कारणे मागे जाऊनच शोधावी लागतात.

निजाम १९११ मध्ये गादीवर आले. पोर्तुगालची राजसत्ता त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. पुढील दहा-बारा वर्षांत रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान येथील सिंहासनेही गेली. तुर्की प्रजासत्ताकाने हद्दपार केलेल्या अखेरच्या खलिफांना निजामांनी तनखा बांधून दिला आणि १९३१ मध्ये त्यांची कन्या सून म्हणून आणली. राज्य गमावलेल्या घराण्याशी सोयरीक जोडताना आपल्या गादीचा पायाही तितकाच भुसभुशीत आहे, हा विचार त्यांच्या मनास शिवला असेल काय?

तो पाया प्रजेत नव्हता, इंग्रजांच्या तैनाती फौजेत होता. वऱ्हाड परत मागणाऱ्या निजामांना व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी १९२६ मध्ये सार्वभौम सत्ता कोणाची, हे पत्राने स्पष्ट बजावले होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते छत्र गेले. निजामांना ते स्वातंत्र्य वाटले. वस्तुतः आधारच गेला होता.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की हा राजा केवळ विलासी नव्हता. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर शहराची नव्याने उभारणी झाली. उस्मानसागर, हिमायतसागर, उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय ही त्या काळाची देणी होत. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे म्हणून खरोखरच धाडसी होते. पण ती भाषा उर्दू होती. तेलुगू भाषक निम्म्याच्या आसपास आणि मराठी भाषक सुमारे चतुर्थांश असलेल्या राज्यात परभणी-नांदेडच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी स्वभाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे.

त्यातच ५३ क्रमांकाची गश्ती आली आणि सभेला सरकारी परवानगी लागू लागली. राजकारण बोलण्याची सोय उरली नाही, तेव्हा लोक शाळा काढू लागले, ग्रंथालये काढू लागले, गणेशोत्सवात व्याख्याने देऊ लागले. केशवराव कोरटकर व वामन नाईक यांची विवेक वर्धिनी तर १९०७ मध्येच उभी राहिली होती. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. सनदशीर विरोधकांना अशा रीतीने दूर लोटल्यावर सिंहासनाजवळ उरले ते लातूरचे वकील कासीम रझवी आणि त्यांचे रझाकार. ऑक्टोबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करारासाठी दिल्लीस निघालेल्या शिष्टमंडळाला जमावाने अडविले, त्या दिवशी राज्य कोणाचे चालते हे उघड झाले. करारावर अखेर २९ नोव्हेंबरला सह्या झाल्या. पण गावोगावचे रझाकारांचे अत्याचार थांबले नाहीत. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ते मुसलमान होते, हे विसरता येत नाही.

मुक्तीची कहाणी सांगताना आपण मराठी माणसे पुढच्या पानावर सहसा थांबत नाही. कारवाईच्या काळात व तिच्या नंतर उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्य अभ्यासकांच्या हाती आला नव्हता.

राजा मात्र राहिला. १९४९ मध्ये सर्फे-खास व जहागिरी गेल्या, आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक भारतात निजाम राजप्रमुख झाले. १९५२ मध्ये लोकांनी निवडलेले बुर्गुल रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य तीन भागांत वाटले गेले, राजप्रमुखपद रद्द झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आणि हैदराबादेतील मराठी वाचक आंध्र प्रदेशाचे नागरिक म्हणून येथेच राहिले.