तुकोबांच्या पुलावरून

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात थोमा हा शिष्य आपली अडचण सांगतो: गुरू कुठे निघाले आहेत हेच कळत नाही, तर वाट कशी कळावी? येशू त्याला वाटेच्या खाणाखुणा सांगत नाही. आपणच मार्ग आहोत आणि पित्याकडे जाणे आपल्याद्वारेच आहे, असे तो म्हणतो. पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात तर आरंभीच्या ख्रिस्ती पंथालाच ‘मार्ग’ असे नाव आढळते.

हा शब्द मराठीत आला तो रिकाम्या जागी आला नाही. भक्तिमार्ग, ज्ञानमार्ग, कर्ममार्ग हे शब्द इथे रुळलेले होते आणि पायी पंढरी गाठणाऱ्या वारकऱ्यांमुळे ‘वाट’ ही केवळ उपमा नव्हती. १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा ओवीत सांगितली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही वापरला. परंतु जुन्या शब्दांतून नवी श्रद्धा सांगणे वेगळे आणि जुन्या श्रद्धेच्या आधाराने नव्या श्रद्धेपर्यंत पोहोचणे वेगळे. हे दुसरे नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात घडले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव इथे १८६१ साली चित्पावन घरात जन्मलेले टिळक कवी होते आणि वृत्तीने साधक होते. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याची किंमत मोठी होती. नातलग दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाई मुलासह वेगळ्या राहू लागल्या.

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या म्हणण्याने दोन्ही काठांवरची माणसे अस्वस्थ होणे साहजिक होते. ज्यांनी त्यांना वाळीत टाकले, त्यांना तुकोबांचे नाव ख्रिस्ताशी जोडलेले रुचणार नव्हते. येशू हाच मार्ग असेल तर मग पुलाची गरज काय, असे एखादा मिशनरीही विचारू शकत होता. टिळकांनी दोन्हींपैकी काहीच सोडले नाही. सगळ्या वाटा सारख्याच, अशी सोपी तडजोड त्यांनी केली नाही; त्यांच्या लेखी ख्रिस्ताची जागा दुसऱ्या कोणाला नव्हती. पण ज्याने आपल्याला देवासाठी तळमळायला शिकवले, त्याला नाकारून ख्रिस्ताचा गौरव होतो, हेही त्यांना मान्य नव्हते. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यासी होण्याचे ठरवले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तिथे जागा होती. हा प्रयोग फार चालला नाही. १९१९ साली टिळक वारले. पण चर्चची वेस आणि ख्रिस्ताची वाट या दोन गोष्टी एकच आहेत का, हा त्यातला प्रश्न आजही जुना झालेला नाही.

लक्ष्मीबाईंचा प्रवास याहून निराळा. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही काळ राहिल्या त्या पंढरपुरातच. त्यांना ना रेल्वेत पुस्तक मिळाले, ना कुठल्या पुलाची उपमा सुचली. सोवळे-ओवळे माणसांनी केले की देवाने, या विचाराने त्यांच्या मनातली जात गळून पडली आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे विलक्षण साधेपणाने लिहिले आहे. पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांनीच पुढे नेले. दोघांच्या मते मार्ग एकच होता. मात्र त्या मार्गाला लागण्यासाठी एकाला तुकोबांचे अभंग उपयोगी पडले आणि दुसरीला कोणाच्याही हातचे खाण्याचा आपला निश्चय.