कौल आणि वतन : मालवण किनाऱ्यावरील वसाहत-धोरणाचा एक विचार

परमुलखातील कसबी माणसास आपल्या राज्यात आणावे, परंतु त्याने राजधानीत गर्दी न करता विरळ वस्तीच्या प्रदेशात राहावे अशी अट घालावी, हे धोरण आज अनेक राष्ट्रांनी अंगीकारलेले दिसते. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केलेला ४९१ क्रमांकाचा व्हिसा पाच वर्षांचा आहे. तो मिळविणाऱ्या कुशल व्यक्तीने सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन या महानगरांबाहेर राहून काम करावयाचे असते. अशी तीन वर्षे काढल्यावर, अन्य अटी पुऱ्या होत असल्यास, तिला कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. कॅनडातही १९९८ पासून प्रांतांनी आपल्या गरजेनुसार स्थलांतरितांची शिफारस करण्याची पद्धत चालू झाली. ही धोरणे आधुनिक शासनयंत्रणेची निर्मिती होत हे खरे. त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र पुरातन आहे. माणूस बोलावता येतो, पण तो टिकवावा कसा? सतराव्या व अठराव्या शतकांत मालवणच्या किनाऱ्यावर व त्याच्या आसमंतात मराठी राज्यकर्त्यांपुढे हाच प्रश्न उभा होता, आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही विचारार्ह आहे.

१

या उत्तरातील पहिला शब्द ‘कौल’ हा होय. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन. कोकणात देवाला कौल लावतात तो हाच शब्द; देवाने दिलेला शब्द जसा फिरत नाही, तसा सरकारने दिलेलाही फिरू नये, ही भावना त्यात सामावलेली आहे. दरबारी व्यवहारात कौलनामा म्हणजे अभयपत्र. गाव सोडून गेलेला कुणबी, नव्या पेठेत येऊ पाहणारा उदमी, किंवा बाहेरून येणारा कारागीर यांस तो दिला जाई. कौलात सामान्यतः तीन गोष्टी असत : जीवितवित्ताची हमी, ठरावीक मुदतीपर्यंत जकात वा साऱ्याची माफी अथवा सूट, आणि पुष्कळदा वेठबेगारीपासून मोकळीक. पडीत जमिनीच्या बाबतीत या सवलतीस इस्तावा म्हणत. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे वर्षावर्षास चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण दर, अशी ती पायरी असे. येणाऱ्याचे पहिले वर्ष सर्वांत कठीण असते, हे ज्ञान या पद्धतीच्या मुळाशी आहे.

तथापि कौल म्हणजे केवळ परवानगी, साधन नव्हे. हा भेद शिवकालीन राज्यव्यवस्थेने ओळखला होता. नवी रयत आली असता तिला गुरेढोरे, बियाणे व पोटापुरता दाणा द्यावा आणि ऐवज दोन-चार वर्षांत उगवून घ्यावा, असा दंडक सभासदाने आपल्या बखरीत नोंदविला आहे. तो केवळ बखरकाराचा आदर्श नव्हता याची साक्ष सप्टेंबर १६७६ मधील एका पत्राने मिळते. प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत यास शिवाजी महाराजांनी हे पत्र लिहिले. ज्याच्या अंगी कष्ट करण्याची ताकद आहे, पण बैल नाही, नांगर नाही, पोटास दाणा नाही, अशा कुणब्यास रोख पैका देऊन बैल घेववावेत, खंडी दोन खंडी दाणा द्यावा, आणि या पैक्यावर वाढीदिढी न घेता मुद्दल तेवढे त्याच्या शक्तीप्रमाणे हळूहळू वसूल करावे, अशी त्यात आज्ञा आहे. यासाठी दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी तो मान्य असल्याचे त्यात नमूद आहे. सरकारने नुसता शब्द देऊन थांबावयाचे नाही, त्यामागे भांडवल उभे करावयाचे, हा या पत्राचा मथितार्थ होय.

२

कुणब्यास जमीन धरून ठेवते. कसबी कारागिराचे भांडवल त्याच्या हातात असते; ते घेऊन तो केव्हाही निघून जाऊ शकतो. या अडचणीचा प्रत्यय मराठी आरमारास त्याच्या आरंभीच आला. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या परिसरात शिवाजी महाराजांनी लढाऊ गलबते बांधण्याचे काम सुरू केले तेव्हा रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाच्या हाताखाली तीनशेहून अधिक माणसे त्या कामी होती. पोर्तुगीज कागदपत्रांच्या आधारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हे प्रकरण उजेडात आणले. आपलीच माणसे शेजाऱ्याचे आरमार सिद्ध करीत आहेत हे पाहून वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांचे मन वळविले, आणि ती काम सोडून निघून गेली. त्यांना येथे वेतन होते. परंतु घर, जमीन, नातेगोते वा पुढच्या पिढीचा हक्क यांपैकी काहीच नव्हते. पूर्वीच्या धन्याचा एक निरोप त्यांना परत नेण्यास पुरला.

यानंतर पाच वर्षांनी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सुमारे ४८ एकरांचे हे बेट. त्याभोवती जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा तट उभारावयाचा, पायात शिसे ओतावयाचे, चुना, दगड, लोखंड होड्यांनी वाहून न्यावयाचे. हे काम १६६७ मध्ये पूर्ण झाले. पाचशे पाथरवट, दोनशे लोहार व तीन हजार मजूर येथे खपत होते असे परंपरा सांगते, आणि गोव्याकडील फिरंगी कारागिरांचाही उल्लेख करते. आकड्यांविषयी आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु एवढा कसबी समूह एकट्या मालवणात उपलब्ध असणे शक्य नव्हते, हे उघड आहे. बेटाची जागा दाखविणाऱ्या कोळ्यांस गावे इनाम दिल्याची परंपराही याच संदर्भात पाहावयास हवी. ज्याला समुद्राचे खडक व वाटा ठाऊक त्याचे ज्ञान हेही एक कसबच होते, आणि त्याचा मोबदला रोख बक्षिसाने नव्हे तर जमिनीतील हक्काने दिला गेला.

येथे या उत्तरातील दुसरा शब्द येतो : ‘वतन’. कौलाने माणूस येतो, वतनाने राहतो, असे या धोरणाचे सार सांगता येईल. पेठ वसविणाऱ्यास शेटेपण वा महाजनकी मिळे. म्हणजे वस्ती वाढविण्यात त्याचे आणि त्याच्या वंशजांचे हित गुंतविले जाई. किनाऱ्यावर याचे फळ दीर्घकाळ टिकलेले दिसते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले; पुढल्याच वर्षी तो करवीरकरांकडे परत गेला; १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांच्या ताब्यात आले. धनी बदलले, निशाणे बदलली. मराठी आरमारातील चाकरीची परंपरा सांगणारा गाबित समाज मात्र आपल्या होड्या व जाळी घेऊन त्याच वाड्यांत राहिला, आणि जुन्या नेमणुकांचा वारसा सांगणारी मोजकी कुटुंबे आजही किल्ल्याच्या तटाआत नांदतात. १६५९ मधील गलबत-बांधणारे आणि मालवणचे दर्यावर्दी यांच्यातील भेद निष्ठेच्या उपजत गुणाचा नसून हितसंबंधांच्या रचनेचा आहे.

३

बोलाविलेला प्रत्येक परका सारखा नसतो, हेही या किनाऱ्याने अनुभवाने शिकले. डचांनी १६३७ मध्ये आदिलशाही अमलाखालील वेंगुर्ल्यास वखार घातली. व्यापारासाठी मिळालेली ही जागा गोव्याच्या पोर्तुगीजांविरुद्ध नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या आरमाराचे ठाणे ठरली. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी तर १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास तोफगोळे पुरवून स्वतः मारा करण्यात भाग घेतला. १६६१ मध्ये राजापूर लुटून महाराजांनी हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सहकाऱ्यांस कैदेत टाकले, ते याच कारणाने. परंतु व्यापार तोडणे हा हेतू नव्हता. जून १६७४ मध्ये ऑक्झिंडेनशी झालेल्या तहाने इंग्रजांस पुनश्च वखारींची परवानगी मिळाली. मालावर शेकडा अडीच जकात ठरली.

या अनुभवाचे शास्त्र पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बांधले. करवीरच्या संभाजी महाराजांच्या नावे १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ, आणि मालवण-सिंधुदुर्ग करवीर राज्यातीलच, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. साहुकार हे राज्याची शोभा असून परदेशींचे उदमी आणून पेठांत त्यांची वस्ती करावी, असे अमात्य सांगतात. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर नेमू नये, नाहीतर उदम्यांस उपद्रव होऊन बंदरेच राहणार नाहीत, असाही त्यांचा इशारा आहे. परंतु टोपीकरांविषयी त्यांचा निर्णय वेगळा पडतो. हे केवळ व्यापारी नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा आहे. म्हणून त्यांनी यावे-जावे. जागा देणे भागच पडले तर समुद्रकाठी वा खाडीच्या मुखाशी न देता, राजापुरासारख्या ठिकाणी, चार-आठ कोस आत, सखल भागी द्यावी. आणि तेथे त्यांस मजबूत इमारत बांधू देऊ नये. त्यांचे बळ आरमार, तोफा व दारूगोळा यांत असल्याने त्यांस पाण्यापासून दूर ठेवणे हाच उपाय होता.

वास्तव्याचे स्थान हीच परवान्याची अट, हा विचार येथे स्पष्टपणे मांडलेला आढळतो. आजच्या प्रादेशिक व्हिसाशी त्याचे साम्य बाह्य आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आजची अट ओस प्रदेश भरून काढण्यासाठी आहे. अमात्यांची अट धोका आवरण्यासाठी होती. ओस प्रदेश भरण्याचे काम कौलाकडे होते, आणि कौलात धाक नव्हे, सवलत होती.

४

वतनाची दुसरी बाजू दृष्टिआड करणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. जे वतन आलेल्यास स्थिर करी, तेच पुढे नव्याने येणाऱ्याचा मार्ग अडवी. वतनदार हे प्रदेशाचे लहान, परंतु स्वतंत्र नायकच आहेत, ही तक्रार आज्ञापत्रातच आहे. शिवाजी महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता तोही याचमुळे. शिवाय हक्क जातिनिष्ठ असल्याने कसब एका समूहात कोंडले जाई. सावंतवाडीच्या चितारी समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. लाखकामाची व गंजिफांची ही कला बाहेरून आली आणि तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात दरबाराच्या आश्रयाने वाढली असे सांगतात. आश्रय आटला, मागणी संपली, तेव्हा कारागीर असूनही कला अस्तास जाऊ लागली. १९७१ मध्ये शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच उद्योग उभारला तेव्हा तिला पुन्हा उभारी आली. हक्काबरोबर कामही नित्य असावे लागते, असा याचा अर्थ आहे.

सारांश, मालवणच्या किनाऱ्यावरील वसाहतीच्या इतिहासात अभय, साधन, हक्क आणि काम अशा चार पायऱ्या दिसतात. पहिली पायरी राज्यकर्त्यास सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत प्रिय असते. टिकाव मात्र उरलेल्या तिहींवर ठरतो. आज ज्या राष्ट्रांत केवळ परवान्याच्या मुदतीपुरते माणसास दूरच्या प्रदेशात बांधून ठेवण्याचा विचार होतो, त्यांस १६५९ मधील रिकामी झालेली गोदी काही सांगू शकेल.

हा प्रश्न या जिल्ह्यासही परका नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. एके काळी पाथरवट, लोहार व दर्यावर्दी यांस बोलावून घेणारा हा किनारा आपलीच कसबी मुले मुंबईस व त्याही पलीकडे धाडीत आहे. त्यांच्यातील कित्येकांस परमुलखाचा कौल मिळतोही. त्यांच्या गावाने त्यांस कोणते साधन, कोणता हक्क व कोणते काम देऊ केले होते, हा प्रश्न कोकणच्या अर्वाचीन इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आहे; आणि त्याचे उत्तर दप्तरखान्यातील जुन्या कौलांइतकेच आजच्या ओस घरांतही शोधावे लागेल.