हापूसचं कूळ

वऱ्हाडात आंब्याला नाव पडतं ते डोळ्यानं, नाकानं नाहीतर जिभेनं. शेंदरासारखा लाल तो शेंदऱ्या, शेपूचा वास मारतो तो शेप्या, कच्चा असताना खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. यातलं काहीच जमलं नाही, तर झाड ज्याच्या धुऱ्यावर त्याचं नाव लागतं: पाटलाचा आंबा. अमरावती-अकोल्याच्या बाजारात या गावरान टोपल्यांच्या शेजारी पेटीतून येऊन डझनावर विकला जातो तो हापूस. याचं नाव मात्र ना रंगावरून, ना वासावरून.

शाळेपासून ऐकलेली कथा अशी, की हे नाव पोर्तुगीज सुभेदार अफोन्सु द अल्बुकर्कचं. त्यानं 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि डिसेंबर 1515 मध्ये गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच त्यानं प्राण सोडला. आंब्याच्या कलमांचं श्रेय मात्र सहसा जेझुइट पाद्र्यांना दिलं जातं, आणि ते गोव्यात उतरले 1542 मध्ये. म्हणजे कलमी हापूस चाखायला अल्बुकर्क होताच कुठे? नुसतं नावच जुळवायचं, तर पोर्तुगालच्या गादीवर अफोन्सु नावाचे 6 राजे होऊन गेले. त्यांतला एखादा का नको?

मला जास्त भरवशाचा वाटतो तो निकोलाव मनुची. हा व्हेनिसचा भटक्या. मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत 1665 मध्ये त्यानं शिवाजी महाराजांना पाहिलं होतं. पुढे ‘स्तोरिया दो मोगोर’ या ग्रंथात तो गोव्याच्या आंब्यांची नावं मोजतो, आणि त्यांत एक आंबा आहे ‘निकुलाव आफोन्सु’चा. सुभेदाराचा नाही, राजाचा नाही. नाव-आडनाव असलेल्या कुण्या एकाचा. त्याच यादीत जुआनी परेराचा आंबाही आहे. आपली पायरी या परेरावरून आली असं म्हणतात. अफोन्सुचा ‘अफूस’ आणि त्याचा हापूस व्हायला कोकणी-मराठी जिभेला फार कष्ट पडले नसतील. इंग्रजांनी अल्फान्सो केला, तो आजही परदेशी जाणाऱ्या खोक्यावर छापलेला असतो.

माझ्या मते हापूस म्हणजेही एक पाटलाचा आंबाच. फरक नावात नाही, कलमात आहे. आंब्याचं फूल दुसऱ्या झाडाच्या परागानं फळतं, म्हणून गावरान किंवा हापूसची कोय पेरली तर वर येतं ते आईसारखं नसलेलं, नवंच झाड. म्हणून तर आमराईत जितकी झाडं तितकी नावं. भेटकलमात मात्र कुंडीतलं रोप मूळ झाडाच्या फांदीला नेऊन बांधतात, दोन्ही साली जुळल्या की फांदी खालून कापतात. खाली मूळ कोणाचंही असो, वर झाड तेच, आणि नावही तेच. आफोन्सुच्या झाडाच्या फांद्या अशा बांधत-कापत रत्नागिरी-देवगडला पोचल्या. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं.

शेप्याची फांदी कुणी बांधली नाही. पिकायला घातलेल्या माचातला शेवटचा शेप्या पोरं चोखून टाकतात, उकिरड्यावर पावसाळ्यात त्याची कोय फुटते, लाल-तांबडी पानं काढते. पाच-सात वर्षांनी तिला फळ धरलं, तर त्याला शेपूचा वास येईलच असं नाही.